बाळाचं मालीश : हात हवा, जोर नको

(बालसंगोपनावरील रेडिओ भाषणाचा संपादित भाग)

लहान मुलांची डॉक्टर म्हणून पुण्यात काम करताना नव्या आया मला जे प्रश्न विचारतात, त्यांत पहिला नंबर दुधाचा. बाळाला दूध पुरतं का? दुसरा नंबर हमखास तेल लावण्याचा. कोणतं तेल लावू? किती दिवस लावू? टाळू भरायची का? आणि मग जरा हळू आवाजात, "डॉक्टर, बाई फार जोरात चोळतात. बाळ रडून लाल होतं. चालू द्यायचं का?" आवाज हळू होतो, कारण शेजारच्या खुर्चीवर सासूबाई किंवा आई बसलेली असते. त्या लगेच म्हणतात, "रडू दे गं, रडल्यानं छाती मोकळी होते. आमची नाही का सगळी अशीच वाढली!"

आजीला वाटतं, अंग चोळलं नाही तर बाळ धरणार नाही. आईला वाटतं, इतकुसं अंग, कुठे काही दुखावलं तर? दोघींच्या मनात बाळाचं भलंच आहे. म्हणून आज आपण शांतपणे बघू, की मालिशानं खरोखर काय मिळतं, काय मिळत नाही, आणि ते कसं केलं म्हणजे बाळालाही सुख वाटेल आणि घरालाही धास्ती राहणार नाही.

जुनी रीत, नवं घर

आपल्याकडे बाळाचं न्हाणं म्हणजे रोजचा छोटासा सोहळाच असतो. सकाळची कामं आटोपली की तेलाची वाटी कोमट होते, मोरीत पाट मांडला जातो, न्हाऊ घालणाऱ्या बाई पाय लांब करून बसतात आणि बाळ त्या पायांवर येतं. अंघोळ झाली की दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दूध पिऊन दोन-तीन तास गाढ झोपतं. पेठांमधल्या वाड्यांत हे चालायचं, आज वाकड-हडपसरच्या सोसायट्यांमधल्या फ्लॅटमध्येही चालतं. मोरीची बाथरूम झाली, बंबाचा गीझर झाला, पण न्हाऊ घालणाऱ्या मावशींची वाट मात्र तशीच पाहिली जाते.

ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नवजात बाळाला बला तेलाचा अभ्यंग सांगितला आहे. आपल्या या रीतीचं पाश्चात्त्यांनाही अप्रूप वाटलं. फ्रेडरिक लेबॉये नावाच्या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी कोलकात्यात शांताला नावाच्या एका आईला बाळाचं मालीश करताना पाहिलं. त्यांनी तिची छायाचित्रं घेतली आणि १९७६ साली तिच्याच नावानं पुस्तक काढलं. आज ब्राझीलसारख्या देशात बाळाच्या मालिशाला 'शांताला' असंच म्हणतात. त्या पुस्तकातली आई जमिनीवर पाय पसरून बसली आहे, बाळ तिच्या पायांवर आहे आणि तिची नजर बाळाच्या चेहऱ्यावर आहे. ही नजर लक्षात ठेवा. पुढे तिच्याबद्दल बोलायचं आहे.

स्पर्शानं काय होतं?

बाळ जन्मतं तेव्हा त्याची नजर अंधूक असते, बोलणं तर कळतच नाही. पण त्वचेतून त्याला बरंच काही कळत असतं. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत, की ते हळुवार, संथ स्पर्शालाच चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटीमीटर या वेगानं हात फिरला, तर हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात. गंमत म्हणजे कुणीही न शिकवता आई बाळाला कुरवाळते, तेव्हा तिचा हात बहुधा याच वेगानं फिरतो.

मालिशावर शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस हळुवार चोळलं आणि त्यांच्या हातापायांची हालचाल करवली. ज्यांना असं केलं नाही त्यांच्या तुलनेत या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की अगदी हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श बाळांना आवडत नाही. थोडा दाब असलेला, स्थिर हात हवा.

आपल्याकडेही काम झालं आहे. दिल्लीत सहा आठवड्यांच्या १२५ बाळांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे वेगवेगळ्या तेलांनी मालीश केलेल्या बाळांची वाढ मालीश न केलेल्या बाळांपेक्षा चांगली झाली, आणि मालिशानंतर त्यांना झोपही चांगली लागली. त्यात तिळाच्या तेलाचा गुण उठून दिसला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथे खोबरेल तेल, खनिज तेल आणि नुसती पावडर यांची तुलना केली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेल तेलानं अधिक वेगानं वाढलं. आपल्या आज्यांना हे ऐकून बरं वाटेल.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. निरोगी, पूर्ण दिवसांच्या, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांवर झालेले ३४ अभ्यास एकत्र करून २०१३ साली त्यांचा आढावा घेतला गेला. अभ्यासांचा दर्जा पाहता, सुदृढ बाळाला मालिशानं वाढीचा मोठा फायदा होतोच असं ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ काय घ्यायचा? कच्च्या बाळाला मालीश औषधासारखं उपयोगी पडू शकतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. सुदृढ बाळासाठी मात्र ते सुख आहे, सहवास आहे, झोपेची तयारी आहे. ते छान झालं तर उत्तम. एखादा दिवस राहिलं, किंवा एखाद्या घरात केलंच नाही, तरी बाळाचं काही बिघडत नाही.

मालिशानं काय होत नाही

मालिशानं हाडं बळकट होत नाहीत. हाडांना लागतो तो कॅल्शियम आईच्या दुधातून मिळतो. ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात फार कमी असतं, म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. तेल कितीही जिरवलं तरी या थेंबांची जागा ते घेऊ शकत नाही.

चिमटीत धरून ओढल्यानं नाक सरळ होत नाही. दाबून डोकं गोल होत नाही. जन्मताना लांबट झालेलं डोकं काही आठवड्यांत बरंचसं आपोआप आकार घेतं. डाळीच्या पिठानं घासून रंग उजळत नाही. अंगावरची लव काही आठवड्यांत आपसूक गळते, तिच्यासाठी कोवळी कातडी सोलून काढायचं कारण नाही.

बाळाचे पाय धनुष्यासारखे वाकडे दिसतात, म्हणून ते ताणून, जुळवून, कापडानं घट्ट बांधायची पद्धत काही घरांत आहे. बाळ पोटात पाय दुमडून असतं, त्यामुळे ते तसेच दिसणार. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हा बाक आपोआप जातो. उलट पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही, आणि हा दोष मूल लंगडत चालायला लागेपर्यंत लक्षातही येत नाही. दुपट्यात गुंडाळताना बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून हलू शकतील इतकी जागा ठेवा.

कधी सुरू करायचं?

जन्मल्यावर पहिले चोवीस तास तरी अंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मालिशाचीही घाई नको. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ नीट दूध पिऊ लागलं की काही दिवसांनी हलका हात फिरवायला हरकत नाही. नाळ पडली नसेल तर पोटाचा तेवढा भाग कोरडा ठेवा. नाळेवर तेल, हळद, राख काहीही लावू नका.

वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीश नको. या बाळांची कातडी पातळ असते, अंग पटकन थंड पडतं आणि हाताळणीनं ती दमतात. त्यांच्यासाठी सर्वांत चांगला स्पर्श म्हणजे आईच्या उघड्या छातीवर बाळाला उभं धरून ठेवणं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज ती 'कांगारू' पद्धत म्हणून जगभर वापरली जाते. ती आईला जमते, तशी बाबांनाही जमते आणि आजीलाही.

ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा फोड, बाळ मलूल असणं, यांपैकी काही असेल तर मालीश बंद ठेवा. लस टोचल्यावर तो भाग चोळू नका. जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात. चार-सहा आठवड्यांनी तिथे गाठ येते, कधी पुवाची पुळी होते. ती नेहमीची गोष्ट आहे. तिच्यावर तेल नको, शेक नको, दाबणं तर नकोच.

वेळ अशी निवडा, की बाळ जागं आहे पण भुकेलेलं नाही. दूध पिऊन किमान अर्धा-पाऊण तास झालेला असावा. पुण्याच्या थंडीत सकाळी सहा-सातला बाळाला उघडं करू नका. दहा-साडेदहाला उन्हं घरात आली, की खोली उबदार असते. पंखा बंद, खिडकीचा वारा बंद, इतकं पुरे.

कोणतं तेल?

साधं, वास न घातलेलं, खाण्याच्या प्रतीचं तेल चांगलं. खोबरेल उत्तम, तीळ चांगलं, सूर्यफुलाचंही चालतं. बांगलादेशात ढाक्याच्या एका रुग्णालयात अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, तेव्हा त्यांच्यात जंतुसंसर्गाचं प्रमाण कमी झालं, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कोवळ्या त्वचेचं संरक्षक आवरण चांगल्या तेलानं टिकायला मदत होते, असा त्याचा अर्थ.

मोहरीचं तेल उत्तरेत बाळांना सर्रास लावतात. पण ते झोंबतं, आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत त्यानं त्वचेचं आवरण बिघडतं असं आढळलं आहे. ऑलिव्ह तेलाची बाटली परदेशातून कौतुकानं येते. तेही त्वचेच्या आवरणाला फारसं मानवत नाही, असं अभ्यासांतून दिसलं आहे. ते आपल्या स्वयंपाकात वापरा. औषधी तेलं, म्हणजे चंदनबला लाक्षादि किंवा बला तेल, वापरायची असतील तर वैद्यांचा सल्ला घेऊन, खात्रीच्या ठिकाणाहून घ्या.

कोणतंही नवं तेल आधी बाळाच्या मांडीवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहा. लाल झालं नाही, पुरळ आलं नाही, तर पुढे चला. थंडीत खोबरेल थिजतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ते पातळ करा. तेलाची वाटी थेट गॅसवर ठेवली, तर वरून कोमट वाटणारं तेल तळाशी चांगलंच तापलेलं असू शकतं. तेल आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मगच बाळाला.

हात कसा फिरवायचा?

अंगठ्या, बांगड्या काढा. नखं कापलेली हवीत. हात साबणानं धुऊन एकमेकांवर चोळून गरम करा. जमिनीवर जाड सतरंजी, तिच्यावर मऊ चादर. पलंगावर नको, तेलकट बाळ हातातून निसटतं. लागणारं सगळं आधीच हाताशी ठेवा, म्हणजे बाळाला सोडून उठावं लागणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

दाब किती द्यायचा, याची एक सोपी परीक्षा आहे. आपली पापणी मिटा आणि तिच्यावर बोटानं दाबून बघा. जितका दाब तिथे सहज सोसतो, तितकाच बाळाच्या अंगावर. कातडी हलकेच सरकावी, पांढरी पडू नये.

पायांपासून सुरुवात करा. छाती-पोटाला एकदम हात घातला की बाळ दचकतं, पायांना हात लावलेला त्याला चालतो. एका हातानं घोटा अलगद धरा, दुसऱ्या हातानं मांडीपासून पावलापर्यंत संथपणे हात आणा. चार-पाच वेळा. मग तळव्यावर अंगठा फिरवा, एकेक बोट हलकेच चोळा. मग दुसरा पाय.

पोटावर तळहात ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गोल फिरवा, म्हणजे तुम्ही समोर बसला असाल तर तुमच्या डावीकडून वर आणि उजवीकडून खाली. आतड्यातला मळ याच दिशेनं पुढे सरकतो. बरगड्यांखाली जोर देऊ नका. मग दोन्ही गुडघे दुमडून पोटाकडे न्या, क्षणभर थांबा, सोडा. बऱ्याच बाळांचा वात इथे सरतो आणि सगळं घर हसतं.

छातीवर दोन्ही तळहात मध्यभागी ठेवून पुस्तकाची पानं उघडावीत तसे बाहेरच्या बाजूला न्या. हात खांद्यापासून मनगटापर्यंत. मुठी जबरदस्तीनं उघडू नका. तळहातावर बोट फिरवलं की त्या आपोआप सैल होतात. चेहऱ्याला तेल जवळपास नकोच. कपाळावरून कानशिलांकडे नुसती बोटं फिरवा.

शेवटी बाळाला पालथं करून आपल्या मांड्यांवर आडवं घ्या. मानेपासून कमरेपर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवा, मणक्यावर दाब नको. पालथं असताना बाळ मान उचलायची धडपड करतं, तोही त्याचा व्यायामच. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटंही पुष्कळ.

आणि आता ती शांतालाची नजर. मालीश करताना बाळाच्या तोंडाकडे बघा. बाळ तुमच्याकडे टक लावून बघत असेल, हातपाय सैल असतील, हुंकार देत असेल, तर त्याची संमती आहे. मान फिरवणं, पाठ कमानीसारखी ताणणं, मुठी आवळणं, उचकी, जांभया, कपाळाला आठ्या, हे त्याचे 'पुरे' म्हणायचे मार्ग आहेत. तिथे हात थांबवा, नुसता छातीवर ठेवा, दोन शब्द बोला. शांत झालं तर पुढे चला, नाहीतर दुपट्यात गुंडाळून जवळ घ्या. रडण्याआधी बाळ इतकं सगळं सांगतं. रडणं ही त्याची शेवटची पायरी असते. रडल्यानं फुफ्फुसं मोकळी होतात हे जन्मतानाच्या पहिल्या रडण्यापुरतं खरं. पुढच्या रडण्याचा अर्थ त्याला काहीतरी नको आहे, इतकाच.

हे मात्र करू नका

काही गोष्टींबद्दल मी आता मऊ बोलणार नाही, कारण त्यांनी आजारी झालेली बाळं आम्हा डॉक्टरांना बघावी लागतात.

नाकात आणि कानात तेल घालू नका. नाकात घातलेले दोन थेंब श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतात आणि तिथे चिघळतात. हा तेलाचा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही. कानात तेल गेलं की मळ भिजून बुरशी वाढते.

जन्मलेल्या बाळाची, मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजलेली दिसते, कधी दुधासारखा थेंब येतो. आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळात उतरलेली असतात, त्याचा हा परिणाम. काही आठवड्यांत तो जातो. 'चीक काढायचा' म्हणून ती दाबतात, आणि मग तिथे जंतू शिरून गळू होतं. ते कापून पू काढावा लागतो. मुलगी असेल तर पुढे त्या बाजूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. तसंच मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढू नका. ती काही वर्षांत आपोआप सुटते.

टाळूबद्दल सगळ्यांना भीती असते. तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, पण खाली चिवट पडदा असतो. तेलाचा हात फिरवल्यानं टाळूला इजा होत नाही आणि तेल जिरवल्यानं ती भरतही नाही. पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपल्या गतीनं भरते. तेलाचा थर देऊन वर टोपरं घातलं, तर डोक्यावर खवले मात्र धरतात. तेलापेक्षा टाळूकडे नजर ठेवणं महत्त्वाचं. जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेली, किंवा बाळ शांत असताना ती फुगून घट्ट लागली, तर ताबडतोब दवाखान्यात या.

पाय धरून उलटं लटकवणं, वर उडवणं, गदागदा हलवणं, हात-पाय उलट्या दिशेला नेऊन सांधे 'मोकळे' करणं, हे सगळं बंद. बाळाची मान डोक्याचा भार सांभाळू शकत नाही. जोराच्या हिसक्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अंघोळीच्या पाण्याचं बोलू. 'कडकडीत पाण्यानं अंग शेकून निघतं' हा समज मोठ्यांपुरता ठेवा. बाळाची कातडी पातळ, ती क्षणात भाजते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि बाळाला घेण्याआधी आपलं कोपर बुडवून बघायचं. कोपराला पाणी गरम लागलं नाही, गार लागलं नाही, म्हणजे ते योग्य.

आणि धुरी. ओवा, वावडिंग, धूप निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरावर धरतात. बाळाच्या श्वासनळ्या सळीएवढ्या, धूर त्यांना सोसत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवली तर निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तोच धोका छोट्या, बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा. बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मगच बाळाला आत न्या. ऊब हवी असेल तर टोपरं, झबलं आणि आईची कूस पुरेशी आहे.

मावशींशी कसं बोलायचं?

न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हात ही खरी कला आहे. ओलं, तेलकट, वळवळणारं बाळ पायांवर न घसरू देता धुणं सोपं काम नाही. अनेक मावशींनी शेकडो बाळं न्हाऊ घातलेली असतात. त्यांचा मान ठेवूनच बोला, पण बोला. "मावशी, तुमचा हात छान आहे. आमच्या डॉक्टरांनी नाकात तेल आणि छाती दाबणं तेवढं नको सांगितलंय. आणि बाळ रडलं की जरा थांबू या," असं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर बहुतेक मावशी ऐकतात. डॉक्टरांचं नाव पुढे करायला माझी हरकत नाही. बोलणं सासूबाईंनी किंवा बाळाच्या बाबांनी केलं, तर आणखी बरं. ओल्या बाळंतिणीवर हे ओझं टाकू नका.

मावशींना सर्दी-खोकला, ताप किंवा हाताला जखम असेल, तर त्या दिवशी सुट्टी द्या, आणि तिचे पैसे कापू नका. पैसे कापले तर पुढच्या वेळी त्या आजार लपवून येतील. मालीश चालू असताना घरातलं कुणीतरी तिथे बसलेलं असावं, हेही चांगलं.

माझा आग्रह एवढाच, की आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी तेलाचा हात आईचा किंवा बाबांचा असावा. लंडनमध्ये बाळंतपणानंतर उदास झालेल्या आयांवर एक छोटा अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. बाळाचं मालीश करायला शिकलेल्या आयांची बाळाशी जवळीक वाढली आणि त्यांच्या मनाला उभारी आली. आपल्याकडे सव्वा महिना आईनं पाणी-तेलात हात घालायचा नाही म्हणतात. त्यामागचा विश्रांतीचा हेतू चांगला आहे. पण पाच मिनिटं बाळाच्या पायांना तेल लावणं हीदेखील तिच्यासाठी विश्रांतीच ठरू शकते. आईला फार उदास वाटत असेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल, तर तिला 'बाळंतपणात असं होतंच' म्हणू नका, डॉक्टरांकडे आणा. बाबांनी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर हात धुऊन हे काम घेतलं, तर बाळाला त्यांचाही हात ओळखीचा होतो.

उद्या सकाळी तेलाची वाटी हातात घ्याल, तेव्हा तीन गोष्टी बघा. हात कोमट आहेत का, दाब पापणीला सोसेल इतकाच आहे का, आणि बाळ तुमच्याकडे बघतंय का. या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर कोणतं तेल आणि किती मिनिटं, याची फार काळजी करू नका.